भांडण तमिळमध्ये

आमच्या घरात भांडणं तमिळमध्ये होतात. पुण्याला स्थायिक झालेल्या मामाला मी हे एकदा पत्रात लिहिलं, तर त्याचं उलट टपाली काळजीचं उत्तर आलं: शेजारच्या तमिळ लोकांशी तुमचं पटत नाही का? शेजारच्यांशी आमचं उत्तम पटतं. आम्ही आपसातच भांडतो. पण घरात बोलायची मराठी आम्ही भांडणासाठी वापरत नाही, म्हणून तमिळमध्ये भांडतो. का वापरत नाही, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. या घरात कुणी कुणाला काही सांगतच नाही, आणि माझी मूळ तक्रार तीच आहे.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. कुठल्या तरी खापरपणजोबांचा तंजावरच्या दरबाराशी संबंध होता. दरबार गेला, संबंध गेला, भाषा तेवढी राहिली. ती ऐकून मामाच्या पुण्याच्या मित्रांना हसू येतं, कारण आम्ही अजून 'काय करितां' आणि 'कोठें गेलां होतां' असं बोलतो. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. मी जी मराठी लिहिते आहे ती मामाने पाठवलेल्या मासिकांतून शिकलेली आहे; घरी असं कुणी बोलत नाही.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आप्पांचा छापखाना. पायाने चालवायचं एक यंत्र, तमिळ खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे, खण, आणि मराठी लग्नपत्रिकांपुरते थोडे देवनागरी खिळे. आप्पा कुणाचंही छापतात. सकाळी देवळाच्या उत्सवाची पत्रिका, दुपारी देव नाहीच असं ठणकावून सांगणारं पत्रक, संध्याकाळी शेतमजुरांच्या सभेचं, मधूनच भाषावार प्रांतांच्या बाजूचं आणि त्याच्या विरोधातलंही. यंत्र तेच, शाई तीच, आणि चेहऱ्यावर काही नाही. मी मात्र एकेक वाचून पेटायची. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, चुकलेली प्रुफं होती, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. एका बाजूला माझं वेडंवाकडं क-ख-ग, दुसऱ्या बाजूला 'बंधूंनो, जागे व्हा'.

एकदा मी आप्पांना विचारलं होतं, "तुमचा विश्वास नक्की कशावर आहे?"

"ओळी सरळ येण्यावर," ते म्हणाले, आणि खिळे चाचपत राहिले.

आता भांडणाची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समजा, आप्पांच्या धोतराला शाई लागली. आई मराठीत सुरुवात करते, अगदी अदबीने: "धोतर पालटून यंत्राशीं बसावें, असें किती वेळ सांगावें तुम्हांस?" आप्पा मराठीत उत्तर देतात. दोनचार वाक्यांत तापमान वाढतं. मग कुणीतरी एक तमिळमध्ये उडी घेतं, आणि दुसरं लगेच मागोमाग. आता काहीही म्हणता येतं. आप्पा म्हणतात, मी संन्यास घेऊन काशीला जातो. आई म्हणते, थांबा, तांब्या भरून देते. आप्पा म्हणतात, तुझ्या तिरुविडैमरुदूरच्या माहेरच्या माणसांनी मला फसवलं. आई म्हणते, त्यांनी डोळे मिटून मुलगी दिली, फसले ते. शेजारचे खिडक्या लावून घेतात. आणि मग आई पदराने कपाळ पुसते आणि मराठीत म्हणते, "अन्न वाढिलें आहे, बसा." आप्पा बसतात. काशी नाही, तांब्या नाही. तमिळमध्ये जे झालं ते जणू उंबऱ्याबाहेर झालं.

मराठीतलं बोलणं मात्र मोडायचं नसतं. मराठीत दिलेला शब्द म्हणजे देवघरासमोर दिलेला शब्द. म्हणून मराठीत फार काही बोलायचंच नाही.

ही असली रीत असलेल्या घरात काकी सून म्हणून आली, तेव्हा तिचं काय झालं असेल बघा. काका रेल्वेत गार्ड, बहुतेक दिवस गाडीवर. त्याने सगळ्यांचा विरोध पत्करून नाचियार्कोविलच्या, पितळी दिवे ओतणाऱ्या घरातली तमिळ मुलगी केली. तिच्या माहेरी तमिळमध्येच नवस बोलायचे, तमिळमध्येच बाळाला निजवायचं, तमिळमध्येच शब्द द्यायचा. लग्नानंतर काही दिवसांनी आई कशावरून तरी तिच्यावर चिडली आणि तमिळमध्ये म्हणाली, "या घरात एक तर मी राहीन, नाही तर तू." काकीने ते ऐकलं, गाठोडं बांधलं आणि सरळ बसच्या अड्ड्यावर जाऊन बसली. आई धापा टाकत मागे गेली.

"अगो, मी तमिळमध्ये म्हटलें ना!" आई म्हणाली.

"मग मला काय कारैक्कालच्या लोकांसारखं फ्रेंचमध्ये ऐकू आलं?" काकी म्हणाली.

आईने तिला हाताला धरून परत आणलं. पण रीत काही सोडली नाही. उलट काकीनेच एक भलतीच युक्ती काढली. पुढच्या खेपेला संतापली तेव्हा ती मराठीत भांडली. तिची मराठी तेव्हा चार दिवसांची. कुठला शब्द कुठे लावायचा याचा पत्ता नाही. ती आईला म्हणाली, "तुम्हांस कांहीं अक्कल आहेस का गे!" आई पदर तोंडाला लावून इतकी हसली, की ताक घुसळायचं राहिलं. तेव्हापासून आमच्या घरात आई तमिळमध्ये भांडते आणि काकी मराठीत. जी भाषा जिच्या आईची नाही, तिच्यात तिने चावायचं. म्हणजे दात लागत नाहीत.

याला मी ढोंग म्हणते. आजही म्हणते. मनात एक, तोंडात दुसरं, आणि तेही उसन्या भाषेत.

त्या वर्षी अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, तंजावरच्या शिक्षिका प्रशिक्षण शाळेत जागा मिळाली. वसतिगृहात राहायचं आणि पुढल्या बुधवारी हजर व्हायचं. नाही गेली तर जागा दुसरीला जाणार. अक्काने हे शाळेत असल्यापासून मनात धरलं होतं. मी रोज एका नव्या गोष्टीसाठी पेटायची. अक्काने आयुष्यात एवढीच एक गोष्ट मागितली.

आप्पा भडकले. ते अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात, तमिळमध्ये भडकले. "मुलीने परगावी राहायचं? माझ्या प्रेतावरून चालत जा आणि मग जा!" त्यांनी खिळ्यांचा एक खण जमिनीवर आपटला, मग स्वतःच खाली बसून खिळे गोळा केले, आणि तेवढा वेळ तमिळमध्ये बोलत राहिले.

आणि अक्का? अक्का शांतपणे मधल्या खोलीत बसून पोलकं शिवत होती. न्यायची पोलकी! आई स्वयंपाकघरात मिरच्या-डाळी भाजून बरणीभर पूड करत होती, वसतिगृहात भाताबरोबर खायला म्हणून. मला वेड लागायची पाळी आली.

"आप्पांनी नाही म्हटलंय," मी अक्काला म्हणाले. "तू शिवतेस काय?"

"ते तमिळमध्ये म्हणाले," अक्का दोरा दाताने तोडत म्हणाली.

"म्हणजे हो?"

"तें मी कोठें म्हटलें?"

"मग नाही?"

"बेगीन ती कात्री दे, आणि उजेडांतून सर."

नेमकं त्याच आठवड्यात एका सुधारणा मंडळाने आदर्श कुटुंबावरचं पत्रक छापायला दिलं होतं. चांगलं चार पानी. घरातल्या प्रत्येकाने सर्वांसमक्ष, आडपडदा न ठेवता, आपल्या मातृभाषेत मत मांडावं, कुटुंबाने सभा घेऊन निर्णय करावा, असं त्यात होतं. मी ते प्रूफ चारदा वाचलं. आमच्या घराला जे झालं होतं, त्याचं औषध कुणीतरी चक्क आमच्याच यंत्रावर छापायला पाठवलं होतं, आणि आप्पा ते वाळत घालत होते!

रविवारी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना झोपाळ्याच्या खोलीत बसवलं. काका गाडीवर होता. आप्पा झोपाळ्यावर, आई खांबाला टेकून, अक्का भिंतीशी. काकी दाराआड. मोठ्या दिरांसमोर ती येत नसे आणि त्यांच्याशी थेट बोलत तर नसेच. काही सांगायचं असलं तर खांबाला सांगायची, आणि आप्पाही खांबालाच उत्तर द्यायचे. ही आणखी एक रीत. मी तीही मोडणार होते, पण एका वेळी एक.

मी पत्रकातला मजकूर वाचून दाखवला. आप्पा म्हणाले, "दुसऱ्या ओळींत एक खिळा पालथा आहे."

"आप्पा," मी म्हणाले, "अक्काने तंजावरला जावं की नाही, हे तुम्ही आता सगळ्यांसमोर सांगायचं. तमिळमध्ये नाही. मराठीत. हो किंवा नाही."

झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देवघरात चप्पल घालून गेले आहे.

"राहूं दे गे," अक्का म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"का राहू दे? खरं बोलायला इतकं भ्यायचं काय?"

आप्पांनी चष्मा काढला. उपरण्याने पुसला. पुन्हा घातला. मग अक्काकडे न पाहता, हळू, स्वच्छ मराठीत म्हणाले, "नाहीं. तिनें जाऊं नये."

आणि ते खरं होतं. हेच तर! ते खोटं बोलले नव्हते. आप्पांची नजर मंदावत चालली होती. हाताला खिळे सापडायचे, पण मूळ कागदावरचं अक्षर दिसत नव्हतं. अक्का रोज त्यांच्या शेजारी तिवईवर बसून मजकूर वाचायची आणि ते ऐकून खिळे लावायचे. कुठे थांबायचं, ओळ कुठे तुटेल, हे तिला न सांगता कळायचं. मी एकदा तिच्या जागी बसले होते, तर आप्पांनी मला उठवलं. "तूं वाचीत नाहींस, भाषण करितेस," म्हणाले. म्हणजे अक्का जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते त्यांना ओरडून, खण आपटून, काशी-प्रेतं काढून, तमिळमध्ये उंबऱ्याबाहेर फेकून द्यायचं होतं, आणि मग बुधवारी ट्रंक उचलायची होती. मी विचारलं नसतं, तर तसंच झालं असतं. पण का विचारायचं नाही? ज्या घरात साधा प्रश्न विचारला की मुलीचं आयुष्य अडकतं, ते घर चुकीचं की प्रश्न चुकीचा?

अक्का उठली. पोलक्यांच्या घड्या घालून तिने त्या कपाटात ठेवल्या. आईने पुडीची बरणी फडताळात परत नेली. मला कुणी काही म्हटलं नाही. एकाने तरी शिवी द्यायची! पण नाही. त्या दिवसापासून घरात फक्त मराठी. "पाणी हवें कां?" "नको." "दिवा लावूं?" "लाव." घर इतकं सभ्य झालं, की जीव गुदमरायला लागला.

मी अक्काला म्हणाले, "तू जा. मी तुला गाडीत बसवते. त्यांची परवानगी लागतेच कशाला?"

"आप्पा घरच्या भाषेंत बोलले," ती म्हणाली. "आतां कशी जाऊं?"

"ती भाषा आहे, बेडी नाही!"

"तुजला नसेल," अक्का म्हणाली आणि छापखान्यात वाचायला गेली. जायचं नाही तर नाही, पण आप्पांचं काम अडता कामा नये. असल्या माणसांसाठी पत्रकं कोण छापणार?

मंगळवारी सकाळी मी अक्षरांना शाई लावत होते. आप्पा खिळे लावत होते, अक्का वाचत होती. मजकूर त्याच आदर्श कुटुंबाचा, शेवटचं पान. इतक्यात मधल्या दारातून काकी आत आली. खरोखर आत आली, उंबरा ओलांडून, आप्पा समोर असताना. तिने अक्काच्या हातातला कागद घेतला आणि मानेनेच तिला उठायला सांगितलं. मग तिवईवर बसली आणि वाचायला लागली.

तिचा आवाज खणखणीत होता. दिवे घासणाऱ्या, ठोकणाऱ्या माणसांच्या गोंगाटात वाढलेल्या बाईचा. आप्पांचा हात खणावर थांबला. काकीने तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी हळू. ओळ संपते तिथे थांबली. हात हलला. खिळा उचलला. दुसरा उचलला.

बराच वेळ ती वाचत होती आणि ते लावत होते. मग काकी तमिळमध्ये बोलली. भांडणाच्या तमिळमध्ये नाही. तिच्या घरच्या तमिळमध्ये, बाळाला निजवतात त्या. आप्पांना काय म्हणून हाक मारायची हे इतक्या वर्षांत कधी ठरलंच नव्हतं, त्यामुळे तिने हाक मारलीच नाही.

"थोरली उद्या जाईल. उद्यापासून मी वाचीन."

आप्पांनी आणखी एक खिळा लावला.

"रविवारी मला कुणी विचारलं नाही," काकी म्हणाली. "या कागदावर प्रत्येकाने मातृभाषेत सांगावं असं लिहिलंय. मी आत्ताच वाचलं. माझी ही आहे. मी सांगितलं."

मी बोलायला तोंड उघडलं, कारण मुद्दा माझा होता, कागद माझा होता. अक्काने माझा हात इतक्या जोरात दाबला, की शाईचा रूळ निसटला.

आप्पांनी हातातली ओळ बोटाने चाचपली. तमिळमध्ये या घरात आजवर ते फक्त ओरडले होते. आता त्यांना तमिळमध्ये हळू बोलायचं होतं, आणि त्यांना ते जड जात होतं.

"संध्याकाळी कामं जास्त असतात," ते शेवटी तमिळमध्ये म्हणाले. खांबाला नाही. तिला.

"असू देत."

"काही लोकांचं अक्षर फार वाईट असतं."

"माझ्या नवऱ्याचं वाचते. कुणाचंही वाचीन."

आप्पा हसले की खोकले, कळलं नाही. "सरि," म्हणाले. बरं, एवढाच त्याचा अर्थ. आणि ते 'सरि' घरात पक्कं धरलं गेलं, कारण ते काकीला दिलं होतं, आणि काकीच्या तमिळमध्ये दिलेला शब्द मोडायचा नसतो. हे कधी ठरलं? कुणी ठरवलं? आईला कळलं कसं, की तिने स्वयंपाकघरातून बरणीचा आवाज केला?

मला राहवलं नाही. "म्हणजे आप्पा, तुमचं मत बदललं? तर मग मराठीत तसं सांगा ना! रविवारचं 'नाही' मागे घ्या!"

काकी तिवईवरून वळली आणि कडकडून मराठीत म्हणाली, "तूं गप्प बसतो कां गे, गाढव!"

आत आईला हसू फुटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

बुधवारी आम्ही स्टेशनवर गेलो. आप्पांनी ट्रंक हमालाला उचलू दिली नाही. स्वतः खांद्यावर घेतली, डब्यात चढवली, बाकाखाली सरकवली, बरणी सांडू नये म्हणून तिच्याभोवती पंचा गुंडाळला. मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले आणि अक्काला मराठीत म्हणाले, "नाहीं म्हटलें तें नाहींच."

"होय आप्पा," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती गजांतून त्यांचा हात धरून होती.

"खिडकीबाहेर डोकें काढूं नको. पोहोंचलीस कीं कळव."

"होय आप्पा."

मी फलाटावर या दोघांच्या शेजारी उभी. एक म्हणतो जाऊ नको आणि ट्रंक चढवतो. दुसरी म्हणते होय आणि निघाली आहे. इतकी माणसं आजूबाजूला होती, आणि एकालाही यात काही वावगं दिसत नव्हतं.

"पण शेवटी हो की नाही?" मी विचारलं. "एकदा तरी नीट सांगा! हो की नाही?"

आप्पा माझ्याकडे वळले. जी सुरुवात केली ती तमिळमध्ये. माझी अक्कल, माझी जीभ, मला वाचायला शिकवणारे लोक, मला पत्रकं वाचू देणारा बाप, म्हणजे ते स्वतः, सगळ्यांचा उद्धार. हमाल थांबून ऐकायला लागले. त्यातलं एक वाक्यही मी इथे लिहू शकत नाही. अक्का खिडकीतून बघत होती. डोळे पुसत होती आणि खो खो हसत होती. गार्डाने शिटी दिली, गाडी हलली, शेवटचा डबाही फलाटाबाहेर गेला, तरी आप्पांचं संपलं नव्हतं.